आवर घालणारा मज्जातंतू
(रेडिओवरील भाषण)



उच्छेळी-दांडीच्या किनाऱ्याला होड्या लागल्या, की ताज्या मासळीची कापाकापी सुरू होते. जिवंत वाम कापणाऱ्या बाईला एक गोष्ट नवी नसते. पोट साफ करताना हृदय बाहेर येतं आणि पाटीत पडल्यावरही ते एवढंसं हृदय थोडा वेळ धडधडत राहतं. डोकं एकीकडे, धड दुसरीकडे, मेंदूशी जोडणारा एकही मज्जातंतू शिल्लक नाही, तरी ठोका चालू. शरीरशास्त्रातला एक जुना वाद या पाटीतच दिसतो. मेंदूच्या हुकमावाचून हृदय चालत असेल, तर मेंदूकडून हृदयापर्यंत मज्जातंतू जातात तरी कशाला? ठोका हृदयाचा स्वतःचा असतो. मज्जातंतू त्याला आवरतात आणि गरज पडली तर पिटाळतात. त्यातही आवरणं हे पिटाळण्याइतकंच खरंखुरं काम आहे, हे मला आज पुराव्यानिशी मांडायचं आहे.

हे आज सरळ वाटतं, पण १८४५ साली तसं नव्हतं. मज्जातंतूला विजेचा झटका दिला की स्नायू आखडतो, एवढंच तोवर सगळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या वर्षी एडुआर्ड आणि अर्न्स्ट हाइनरिख या वेबर बंधूंनी नेपल्सच्या शास्त्रज्ञसभेत आपला प्रयोग जाहीर केला. मेंदूच्या तळाशी उगम पावून मान आणि छातीतून खाली जाणारा जो व्हेगस मज्जातंतू, त्याला त्यांनी बेडकात विजेनं चेतवलं, आणि बेडकाचं हृदय थांबलं. आखडून नव्हे, सैल पडून थांबलं. चेतवल्यावर काम थांबवणारा मज्जातंतू ही कल्पनाच तेव्हा विपरीत होती. हाक मारावी आणि माणसानं उठण्याऐवजी खाली बसावं, तसा तो प्रकार होता.

साहजिकच आक्षेप आले. शरीरशास्त्रज्ञ मोरित्झ शिफ यांचं म्हणणं असं, की व्हेगस हा हृदयाला चालवणाराच मज्जातंतू आहे, मात्र फार नाजूक. विजेच्या माऱ्यानं तो थकतो आणि म्हणून हृदय थांबतं. हा आक्षेप वजनदार होता. त्याचं उत्तर तर्कानं मिळणारं नव्हतं, प्राण्यांच्या शरीरातच शोधावं लागणार होतं, आणि ते तिथे तीन ठिकाणी मिळतं. पहिलं, थांबलेल्या हृदयाला सुईनं टोचलं तर ते एकदा आकुंचन पावतं. म्हणजे स्नायूची शक्ती गेलेली नसते. दुसरं, विजेचा मारा पुष्कळ वेळ चालू ठेवला तर तो चालू असतानाच हृदय पुन्हा ठोके देऊ लागतं. थकव्यानं थांबलेली गोष्ट आणखी दमवल्यावर सुरू कशी होईल? उलट आवरणारा हात थकला, तर मात्र हे नेमकं घडेल. तिसरं उत्तर मला निर्णायक वाटतं. कुत्र्याच्या मानेतले दोन्ही व्हेगस कापले की हृदयाचा वेग वाढतो. चालवणारा तोडला असता तर वेग घटायला हवा होता. तो वाढतो, याचा अर्थ प्राणी स्वस्थ असतानाही हा आवर घडोघडी चालू असतो.

बेडूक आणि कुत्रा यांच्यावरून माणसाबद्दल बोलावं का, अशी शंका कुणी काढेल. तिला उत्तर हृदयरोपणानं दिलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं मानवी हृदयरोपण केलं. त्याआधी त्यांनी कुत्र्यांवर या शस्त्रक्रियेचा सराव केलेला होता. तो रुग्ण काही तासच जगला. पण पुढे जगभरात रोपण झालेली माणसं वर्षानुवर्षं जगू लागली, तेव्हा हृदयाचं हे स्वातंत्र्य माणसात उघड दिसलं. रोपण करताना हृदयाकडे जाणारे सगळे मज्जातंतू तुटलेले असतात, तरी हृदय चालतं. एवढंच नाही, तर निरोगी माणसाचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला सत्तरच्या आसपास असताना रोपण केलेलं हृदय साधारण ९० ते ११० ठोके देतं. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे आपल्या व्हेगसची रात्रंदिवसाची कामगिरी.

मग योगी हृदय थांबवतात ते कसं, असा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि तो आदरानं तपासण्यासारखा आहे. योगाला यंत्रांची कसोटी लावावी, या ध्यासानं स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं. वेंगर, बागची आणि दिल्लीचे आनंद या संशोधकांनी योग्यांच्या हृदयाचे विद्युत् आलेख घेऊन १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले, की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. नाडी हाताला लागत नाही, हृदयाचे ध्वनी मंदावतात, पण आलेखात ठोके चालूच असतात. एका साधकाला वेग खरोखर कमी करता आला. म्हणजे लगाम काही अंशी साधतो, पण घोडा स्वतःच्याच पायांनी चालत असतो.

आता हा आवर घातला कसा जातो? ग्राझमध्ये ऑटो लोवी यांनी १९२१ साली ते दाखवलं. एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस चेतवून त्यांनी ते मंदावलं आणि त्यातला क्षारद्रव दुसऱ्या हृदयाला दिला. त्या हृदयाला कुणी चेतवलेलं नव्हतं, तरी तेही मंदावलं. निरोप विजेनं नव्हे, रसायनानं पोचला होता. इतरांना हा प्रयोग पुष्कळदा जमेना, म्हणून त्यावर अविश्वासही झाला. कारण पुढे कळलं: ते रसायन, म्हणजे अॅसिटिलकोलीन, शरीरातलं एक विकर झटपट मोडून टाकतं. एसेरीन या औषधानं ते विकर रोखलं, की परिणाम टिकतो. १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळालं.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: या ज्ञानासाठी मुक्या जिवांना इतकं का सोसायला लावलं? वेबर बंधूंच्या काळात शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची रीतच नव्हती. ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं ते १८४६ साली. त्या वेदनेवर पांघरूण घालू नये. पण फवारणी करताना विष अंगात गेलेला शेतकरी दवाखान्यात येतो, तेव्हा काय घडतं तेही पाहावं. अनेक कीटकनाशकं लोवींच्या अडचणीचं तेच विकर बंद पाडतात. अॅसिटिलकोलीन साचतं, तोंडाला लाळ सुटते, श्वास कोंडतो, पुष्कळदा हृदय मंदावत जातं. डॉक्टर अॅट्रोपीन टोचतात, कारण ते अॅसिटिलकोलीनला हृदयापाशी आपलं काम करू देत नाही. बेडकापासून या सुईपर्यंत एक सलग वाट आहे. म्हणूनच मला वाटतं, एकदा हाती आलेलं सत्य नुसत्या वर्गातल्या प्रात्यक्षिकासाठी जिवंत बेडकावर पुन्हा पुन्हा सिद्ध करू नये. आपल्या देशानं १९६० साली प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा केला आणि प्रयोगांवर देखरेखीसाठी समितीची तरतूदही त्यातच ठेवली. जिज्ञासा हा माणसाचा ठोका आहे, तो बंद पडू नये. आणि त्याला आवर घालणारा मज्जातंतूही आपल्यात जिवंत राहावा.