दामिनी कोणी लिहिली?

(८ मार्चच्या निमित्ताने वर्धा जिल्ह्यात झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आज मला नाटकाबद्दल बोलायचं आहे. कार्यकर्तीने हिंसाचार, दारू, पोटगी यांवर बोलावं, नाटकाचं काय मध्येच, असं काहींना वाटेल. पण सुरुवात दारूपासूनच झाली.

आपला जिल्हा कित्येक वर्षांपासून दारूबंदीचा. बंदी कागदावर आणि गावठी दारू गल्लीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. मागच्या वर्षी देवळी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांचा कार्यक्रम ठरला. कोणीतरी सुचवलं, गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला प्रवेश करू. दारुडा सुधाकर आणि त्याची सोशिक बायको सिंधू. मुलींनी तालीम केली. ती बघायला बसलेली एक आजी मध्येच म्हणाली, “काहो ताई, हे सिंधू कोण्या बाईनं लिहिली का? तो मारते, अन् हे त्याचेच पाय धरते. बाईनं लिहिलं असतं तं असं लिहिलं असतं का?”

सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. पण घरी जाताना एसटीत प्रश्न डोक्यात राहिला. संगीत नाटकाचा एवढा मोठा काळ. शारदा, भामिनी, सिंधू, एवढ्या नायिका आपल्याला माहीत. त्या पुरुषांनी लिहिल्या, आणि बालगंधर्वांसारख्या पुरुषांनी लुगडं नेसून रंगवल्या. त्या काळात बाईने लिहिलेलं नाटक होतं तरी का?

होतं. नाटकाचं नाव ‘संगीत दामिनी’. लिहिणारी हिराबाई पेडणेकर. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने १९१२ साली ते रंगभूमीवर आणलं. त्याआधी, १९०४ मध्ये, हिराबाईंनी ‘जयद्रथविडंबन’ नावाचं नाटक लिहिलेलं होतं. त्यांच्या आधीही काही बायकांनी नाटकं लिहिली होती. पण नावाजलेल्या व्यावसायिक मंडळीने बाईचं नाटक उभं करणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं, स्त्री-प्रश्नावर दोन पेपर लिहिले, शिबिरं घेतली. ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई, सावित्रीबाई सगळ्या शिकले. हिराबाईंचं नाव माझ्या कानावर आलं ते तिशी उलटल्यावर.

हिराबाई सावंतवाडीच्या, कलावंतीण घराण्यात जन्मलेल्या. गाणं शिकल्या, कविता लिहिल्या. मुंबईत त्यांच्या घरी मोठमोठ्या साहित्यिकांचं येणं-जाणं असे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्या गुरू मानत. कोल्हटकर आपल्याकडचे, जन्म नागपूरचा, वकिली वऱ्हाडात. राम गणेश गडकरीही त्यांनाच गुरू मानत. म्हणजे बघा, एकाच गुरूचे दोन शिष्य. गडकरी १९१९ साली सावनेरला वारले, आणि त्यानंतर महिन्याभरात ‘एकच प्याला’ रंगमंचावर आलं. आज शंभरावर वर्षांनी देवळी तालुक्यातल्या मुलींना त्यातला प्रवेश ठाऊक आहे. ‘दामिनी’चं नावसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं.

कोणी म्हणेल, नाटकात दम नसेल म्हणून मागे पडलं. मीही आधी तसंच समजले. पण कोल्हटकरांचीच ‘वीरतनय’, ‘मूकनायक’, ‘मतिविकार’ तरी आज कोण करतं? त्या धाटणीची नाटकंच मागे पडली. तरी कोल्हटकरांचं नाव पाठ्यपुस्तकात राहिलं, विनोदी लेखनाचे प्रवर्तक म्हणून राहिलं, महाराष्ट्रगीताचे कवी म्हणून राहिलं. नाटक जुनं झालं तरी पुरुष लेखकाचं नाव टिकतं. हिराबाईंच्या बाबतीत नाटकाबरोबर नाटककारही गेली.

आणि प्रयोगाचं काय? बाईने लिहिलेल्या नाटकातल्या बायका पुरुषांनीच केल्या. ललितकलादर्शमध्ये तोच रिवाज होता. केशवराव स्वतः लहान वयात ‘शारदा’तल्या शारदेच्या भूमिकेने गाजलेले. बायकांच्या वेगळ्या नाटक मंडळ्या त्या काळात होत्या, पण त्यांना प्रतिष्ठा नव्हती. हिराबाईंना गाता येत होतं, लिहिता येत होतं. पण आपण लिहिलेलं पद त्या मंचावर उभं राहून त्यांना म्हणता येणार नव्हतं. आपल्या गावात दंडार बघितली असेल तुम्ही. बाईचं सोंग पुरुष घेतो, बाया खाली पोतं टाकून बसतात. तसंच ते. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढली आणि बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या, ते १९२९ च्या सुमाराला. ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आल्या १९३३ साली. पेडणेकरांच्या वेळी ते दार बंद होतं.

पुढे हिराबाई मुंबई सोडून कोकणात गुहागरजवळच्या पालशेतला जाऊन राहिल्या. १९५१ साली वारल्या.

आता मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट सांगते. हिराबाई मराठी रंगभूमीवर परत आल्या. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर बेतलेलं ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहिलं. म्हणजे नाटक लिहिणारी बाई स्वतःच पात्र झाली. कानेटकरांना दोष द्यायचा नाही. त्यांच्यामुळे निदान नाव तरी पुन्हा ऐकू आलं. पण तिचं आयुष्य, तिच्याकडे येणारे मोठे पुरुष, तिचा एकटेपणा यावर नाटक होऊ शकतं, आणि तिने स्वतः लिहिलेलं नाटक कपाटात राहतं, हे कसं?

मी हे इतरांना विचारत होते, तेवढ्यात मलाच उत्तर द्यायची वेळ आली. आमच्या केंद्रात एक बाई आली होती. नवऱ्याने घराबाहेर काढलेलं. मी तिची हकीकत चार पानं भरून लिहिली; मार कधी, कशाने, कोणासमोर. ‘व्यवसाय’ या रकान्यात लिहिलं, ‘घरकाम’. पुढे कळलं, नवऱ्याच्या नावावरची पिठाची चक्की नऊ वर्षं तीच चालवत होती. दळण तीच घ्यायची, हिशोब तीच ठेवायची. चक्कीतला वाटा मागायची वेळ आली तेव्हा समोरच्या वकिलाने आमचाच कागद पुढे केला. तुमच्याच संस्थेने ‘घरकाम’ लिहिलंय, म्हणाला. बाईने माझ्याकडे नुसतं बघितलं. “ताई, तुम्ही विचारलंच नाही,” एवढंच बोलली.

खरंच, मी विचारलं नव्हतं. तिचं दुःख मी नीट लिहून घेतलं, तिचं काम नाही.

म्हणून आज दोन गोष्टी मागते. पहिली, प्रत्येक केंद्राने आपला नोंदीचा फॉर्म काढून बघावा. ‘व्यवसाय’ या एका शब्दाऐवजी विचारावं: रोज काय काय काम करता? कोणाच्या नावावर करता? पैसा कोणाच्या हातात जातो? याला वेगळा निधी लागत नाही, पेन लागतो.

दुसरी, ‘दामिनी’ची संहिता मिळवून आपल्या शिबिरात मोठ्याने वाचू या. सगळं नाटक आपल्याला पटलंच पाहिजे असं नाही. शंभर वर्षांपूर्वीचं लिखाण आहे. त्यात खटकणारं काही निघालं तर त्यावर भांडू. ‘मुलगी झाली हो’ १९८३ पासून गावोगाव झालं, तेव्हा आपणच लिहिलं, आपणच गायलो, आपणच नाचलो, याचा आपल्याला अभिमान होता. ज्या बाईला लिहिण्याशिवाय बाकी काही करू दिलं नाही, तिचे शब्द एकदा तरी बायकांच्या तोंडून ऐकू.

त्या आजींना मी सांगितलं, बाईने लिहिलेलं एक नाटक सापडलं. त्या म्हणाल्या, “मंग आण ना. ऐकू तं द्या, काय लिहिलं तिनं.”

मी त्यांना शब्द दिला आहे. तो एकटीने पुरा होणार नाही, म्हणून तुमच्यासमोर सांगितला.