दूरची लढाई आणि आपला भाव



वऱ्हाडातला भाव कधी कधी सातासमुद्रापार ठरतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६५ साली युद्ध संपले नि तेजीही ओसरली. गव्हाचेही तसेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू होताच जगात गहू कडाडला. १३ मे रोजी भारत सरकारने निर्यातबंदी केली, परदेशची वाट मिटली.

तेव्हा पेरताना आजच्या भावाला भुलू नका. गहू घरात येईल फाल्गुनात. विहिरीचे पाणी, लागणारा खर्च नि हमीभाव यांचा हिशेब आधी मांडा. त्यात पीक परवडत असेल तरच पेरा. तेजी आली तर ती वरकमाई समजावी. गुरुजी, हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्या बरे!