बंदुका परत घेणारा पंतप्रधान



कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. आज मात्र आम्ही बंदुकीवर बोलणार आहोत. तेही अशा एका परदेशी पुढाऱ्याच्या निमित्ताने, की ज्याचे आणि कामगार संघटनांचे कधी पटले नाही. जॉन हॉवर्ड हे १९९६ पासून २००७ पर्यंत ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान होते. पक्ष उजवा, मतदार व्यापारी, शेतकरी आणि मध्यमवर्गीय. अशा माणसाने आपल्याच मतदारांच्या घरातल्या बंदुका काढून घेतल्या. हे कसे घडले, बंदूकवाल्यांनी त्यावर काय केले, आणि आम्ही विरोधी बाजूच्या माणसांनी त्याचा हिशेब कसा मांडावा, एवढाच आजचा विषय आहे.

टास्मानिया बेटावर पोर्ट आर्थर नावाचे ठिकाण आहे. इंग्रजांच्या काळात तेथे कैदी ठेवीत. पुढे ते प्रवाशांचे पाहण्याचे स्थळ झाले. २८ एप्रिल १९९६ रोजी, रविवारी, एका तरुणाने तेथे स्वयंभरणाच्या रायफलींनी ३५ माणसे मारली. स्वयंभरणाची म्हणजे घोडा ओढला की गोळी सुटते आणि पुढची गोळी आपोआप नळीत येऊन बसते. आपल्या कोकणातला शेतकरी डुकरे हाकलायला जी ठासणीची बंदूक वापरतो, तिच्यात एक बार काढला की दारू आणि छरे पुन्हा ठासावे लागतात. या दोन हत्यारांना एकच नाव असले तरी ती एका जातीची नव्हेत.

हॉवर्ड यांना अधिकारावर येऊन त्या वेळी दोन महिनेही झाले नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या घटनेप्रमाणे बंदुकांचा कायदा हा राज्यांचा विषय. काही राज्यांचे कायदे कडक, तर टास्मानिया आणि क्वीन्सलँड यांचे सैल. तेव्हा एका राज्यात बंदी घालून उपयोग नव्हता. हॉवर्ड यांनी सर्व राज्यांच्या पोलीसमंत्र्यांना एकत्र बसविले, आणि १० मे रोजी, म्हणजे हत्याकांडानंतर १२ दिवसांत, सर्वांना मान्य असा करार झाला. काही राज्ये कुरकुर करू लागली तेव्हा प्रश्न सार्वमताला टाकण्याची तयारी त्यांनी दाखविली. विरोधी मजूर पक्षानेही या कामी त्यांना साथ दिली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

करारात काय होते? स्वयंभरणाच्या रायफली आणि तशाच छऱ्यांच्या बंदुका सामान्य माणसाला बंद. उरलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंद. परवाना हवा तर खरे कारण दाखवायचे. आणि स्वसंरक्षण हे खरे कारण धरले जाणार नाही. बंदूक घ्यायची तर २८ दिवस थांबायचे, आणि घरी ती कुलपात ठेवायची. ज्यांच्याकडे बंदी आलेली हत्यारे होती त्यांची ती सरकारने दाम मोजून घ्यायची. या पैशासाठी आरोग्यविम्याच्या करात एका वर्षापुरती ०.२ टक्क्याची वाढ केली. म्हणजे ज्याने आयुष्यात बंदूक पाहिली नाही अशा गिरणीकामगारानेही त्यात आपला वाटा दिला. सुमारे ६,५०,००० बंदुका अशा रीतीने जमा होऊन यंत्राखाली चिरडल्या गेल्या.

आता बंदूकवाल्यांची बाजू. ती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. त्यांचे म्हणणे असे: गुन्हा एका माणसाने केला, शिक्षा आम्हा लाखोंना का? आमच्या शेतात ससे, रानडुकरे, कांगारू येतात. शहरात बसून कायदा करणाऱ्याला त्याची काय कल्पना? आज नोंद करता, उद्या सगळेच काढून घ्याल. या मागण्यांसाठी मेलबर्नमध्ये हजारोंचे मोर्चे निघाले. १६ जून १९९६ रोजी हॉवर्ड व्हिक्टोरिया राज्यातल्या सेल या गावी बंदूकवाल्यांच्या सभेत गेले. धमक्या आल्यामुळे पोलिसांच्या सांगण्यावरून त्यांनी कोटाच्या आत गोळीरोधक जाकीट घातले होते, आणि ते बाहेरून दिसत होते. समोर बसलेल्या शेतकऱ्यांना हा आपला अपमान वाटला. पंतप्रधान आपल्याला खुनी समजतो, असे ते म्हणू लागले. ते जाकीट घालायला नको होते, असे हॉवर्ड यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे.

हॉवर्ड यांच्यापेक्षाही अधिक सोसावे लागले ते त्यांच्या जोडीदार पक्षाच्या पुढाऱ्यांना. उपपंतप्रधान टिम फिशर स्वतः शेतकरी आणि व्हिएतनाम युद्धात लढलेले. त्यांचा नॅशनल पक्ष खेड्यांच्या मतांवर जगणारा. ते गावोगाव फिरून आपल्याच माणसांच्या शिव्या खात कायदा समजावीत राहिले. क्वीन्सलँडमधल्या जिंपी गावात तर त्यांचा पुतळा फासावर लटकविण्यात आला. जून १९९८ मध्ये त्याच क्वीन्सलँड राज्याच्या निवडणुकीत वन नेशन या नव्या पक्षाने ११ जागा घेतल्या आणि नॅशनल पक्षाचे मुख्यमंत्री रॉब बोर्बिज यांची सत्ता गेली. त्या पराभवाला इतरही कारणे होती, पण बंदूकवाल्यांचा राग हे त्यांतले एक मोठे कारण होते.

“एकाच्या गुन्ह्याची शिक्षा सर्वांना” ही तक्रार कामगाराला चांगली ओळखीची आहे. खात्यातून एक तांब्याचा तुकडा नाहीसा झाला की फाटकावर पाळीतल्या प्रत्येकाचे डबे उघडायला लावतात, आणि त्याविरुद्ध आम्ही भांडलो आहोत. मग ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्याची तक्रार आम्हांला का पटू नये? कारण झडतीचा मामला वेगळा आणि यंत्राच्या गार्डाचा वेगळा. १९४८ च्या कारखाने कायद्याने धोक्याच्या यंत्राला आडोसा लावणे मालकावर बंधनकारक केले. गार्ड बसविताना या प्रेसवरचा कामगार बेसावध आहे की सावध, हे कोणी पाहत नाही. वीस वर्षे हात सांभाळलेल्या कारागिराच्या प्रेसलाही गार्ड बसतो, त्याचे काम थोडे अडते, आणि तरीही तो बसलाच पाहिजे असे आम्ही म्हणतो. झडतीत माणसावर संशय असतो. गार्ड यंत्राच्या ताकदीकडे पाहून बसवितात. हॉवर्ड यांचा कायदा गार्डाच्या जातीचा होता. शेतकऱ्याकडे साधी बंदूक राहिली. एका दमात माणसांची रांग आडवी करणारी गेली, आणि तिची किंमत त्याच्या हाती पडली.

परिणाम काय झाला? १९९६ पर्यंतच्या १८ वर्षांत पाच किंवा अधिक माणसे बंदुकीने एकाच वेळी मारली गेल्याच्या १३ घटना त्या देशात घडल्या होत्या. पुढच्या २० वर्षांत तशी एकही घडली नाही. बंदुकीने होणारे मृत्यू आधीपासूनच कमी होत होते, म्हणून सगळे श्रेय कायद्याला किती द्यावे यावर अभ्यासकांत वाद आहे. कायदा केला म्हणजे काम संपले असेही नाही. बंदुकांची संख्या हळूहळू पुन्हा वाढत १९९६ च्याही पुढे गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर ज्यू लोकांच्या सणाच्या वेळी गोळीबार होऊन १५ माणसे मारली गेली. गार्ड बसविला तरी दर पाळीला तो तपासावा लागतो, हे कोणताही फिटर सांगेल.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. १८७८ चा हत्यारांचा कायदा गोऱ्यांना सूट देणारा आणि आम्हांला निःशस्त्र करणारा होता. तेथे खरोखरच एका समाजावर संशय होता, आणि म्हणून त्याविरुद्ध आपले पुढारी बोलले. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला. २०१९ साली त्यात दुरुस्ती करताना एका परवान्यावर तीनऐवजी एकच बंदूक असे विधेयक आले; हरकती निघाल्या, आणि अखेर दोन ठरल्या. निवडणूक आली की कोकणातल्या शेतकऱ्याला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि इकडे वानर-डुकरे पीक खातात, ही तक्रारही खरी आहे. तिची दाद लागली पाहिजे. ज्याच्याकडून काही मागून घ्यायचे, त्याची अडचण ऐकण्याचे काम मागणाऱ्याचेच असते.

शेवटी हॉवर्ड यांचा दुसरा हिशेब. एप्रिल १९९८ मध्ये एका मोठ्या मालवाहू कंपनीने रातोरात सुमारे १,४०० गोदी कामगार काढले, पहारेकरी आणि कुत्री उभी केली, आणि हॉवर्ड यांच्या सरकारने मालकाची पाठराखण केली. कामगार कोर्टात जिंकून परत आत आले. पुढे २००५ साली त्यांनी कामगारांचे संरक्षण काढणारा कायदा केला. २००७ च्या निवडणुकीत सरकार तर गेलेच, पण १९७४ पासून हाती असलेली स्वतःची जागाही गेली. पंतप्रधानपदी असताना स्वतःची जागा गमावणारे त्यांच्या आधी एकच, १९२९ सालचे स्टॅन्ली ब्रूस. तेही कामगार लवादाला हात घातल्यामुळे हरले, आणि त्यांना पाडणारे टेड हॉलोवे हे कामगार संघटनेचे कार्यकर्ते होते.

बंदूकवाल्यांचा राग अंगावर घेऊनही हॉवर्ड टिकले. कामगारांच्या रागापुढे टिकले नाहीत. आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतात, अशा माणसाचे चांगले सांगायचेच कशाला? आम्हांला ते पटत नाही. कामगाराच्या हजेरीपटावर जितके दिवस भरले तितक्यांचा पगार मिळालाच पाहिजे, बाकीचे दिवस तो गैरहजर असला तरी. १९९६ चे ते दिवस हॉवर्ड यांचे भरलेले आहेत. ते आम्ही मांडतो, आणि गोदीतल्या त्या रात्रीचे खातेही उघडेच ठेवतो.