कुबूल म्हटल्यानंतरचा कागद
(घनसावंगी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून निघून गेले, ही गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. होकार नसेल तर लग्न नाही, एवढं त्यातून घेऊ या. कॅथलिक चर्च तेच म्हणतं आणि आपला निकाहही.

कॅथलिकांच्या सात संस्कारांपैकी लग्न हा एक. रोमन परंपरेत हा संस्कार धर्मगुरू देत नाही. वधू-वर तो एकमेकांना देतात, धर्मगुरू चर्चच्या वतीनं होकार घेतो. आपणही काझीनं निकाह लावला म्हणतो, पण निकाह होतो तो साक्षीदारांसमोरच्या इजाब-कुबूलनं.

फरक पुढे आहे. निकाह हा करार, तो सुटू शकतो. कॅथलिकांचं पूर्णत्वाला गेलेलं लग्न मृत्यूशिवाय सुटत नाही. चर्चचं न्यायालय घटस्फोट देत नाही. होकारात बळजबरी किंवा फसवणूक होती असं सिद्ध झालं, तर ‘हे लग्न झालंच नव्हतं’ असं ते जाहीर करतं.

पण देशाच्या कायद्यात त्या निवाड्याचं वजन किती? केरळमधल्या एका स्त्रीचं पहिलं लग्न चर्चनं रद्द ठरवलं होतं. तिनं दुसरं लग्न केलं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १८६९च्या घटस्फोट कायद्याखाली पहिलं लग्न कायमच आहे, म्हणून दुसरं अवैध. धर्मानं मोकळी केलेली बाई कायद्यानं बांधलेलीच राहिली.

पुढे चर्चच्या निवाड्यांना मान्यता मागणारी याचिका आली. मुस्लिमांचा तोंडी तलाक चालतो, मग आमचा निवाडा का नाही, असाही त्यात युक्तिवाद होता. जानेवारी २०१७मध्ये ती फेटाळली गेली. त्याच वर्षी २२ ऑगस्टला एका दमातला तिहेरी तलाकही रद्द ठरला.

समान नागरी कायद्याचं उदाहरण म्हणून गोव्याकडे बोट दाखवलं जातं. तिथेही १९४६च्या पोर्तुगीज हुकमानं चर्चमधल्या लग्नाची वेगळी सोय केली. म्हणजे ‘समान’ म्हणणाऱ्यांनाही तपशील विचारायला हवेत. कायदा आपोआप न्यायी असतो, असंही नाही. ख्रिश्चन नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार पुरेसा होता. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागासारखं आणखी काही सिद्ध करावं लागे. हा भेदभाव संसदेनं २००१ साली काढला.

आपल्यातले काही म्हणतात, सरकारी नोंद म्हणजे दीनमध्ये ढवळाढवळ. त्यांना चर्चचा इतिहास सांगा. गुपचूप लग्न करून नंतर नाकारणारे पुरुष युरोपातही होते. म्हणून १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं धर्मगुरू आणि साक्षीदारांची हजेरी सक्तीची केली, लग्नाची वही ठेवायला लावली. होकार पवित्र होता, पण नाकारणाऱ्यासमोर पुरावा हवा होता. सरकारी नोंद हेच काम करते.

दारुल-कझाचा निवाडा किंवा फतवा कायद्यानं बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं आहे. अल्लाहसमोर माझं नातं काय, हा प्रश्न आलिमांना जरूर विचारा. पण नवऱ्यानं घराबाहेर काढलं, खर्च बंद केला, निकाहच नाकारला, तर न्यायालय कागद विचारतं. तो नसेल तर साक्षीदार शोधत फिरण्याची वेळ बहुतेकदा बाईवर येते.

महाराष्ट्रात १९९८चा विवाह नोंदणी कायदा सर्व धर्मांना लागू आहे. निकाहनंतर ९० दिवसांत नोंद करायची असते. नोंद नाही म्हणून निकाह बातिल होत नाही आणि नोंद केली म्हणून ईमान कमी होत नाही.

म्हणून मुलांनो, मेहेर ठरवताना नोंदणीची तारीखही ठरवा. मुलींनो, निकाहनाम्याची आणि दाखल्याची एकेक प्रत स्वतःजवळ ठेवा. सासरच्या कपाटात नाही.