मनाचें दुखणें आणि बोलण्याचा उपचार

शरीराला ताप आला म्हणजे डॉक्टरला बोलावण्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं. परंतु मन आजारी पडलें, तर तें चार भिंतींआड ठेवण्याकडेच सुशिक्षितांचाही कल असतो. "मन घट्ट कर" एवढा उपदेश केला कीं घरच्यांना आपलें कर्तव्य संपलेंसें वाटतें. या समजुतीची किंमत मात्र रोग्याला मोजावी लागते.

संभाषणानें मनोव्यथा हलकी करण्याच्या आधुनिक पद्धतीचा एक उगम व्हिएन्ना शहरीं सांपडतो. १८८० सालीं बर्था पापेनहाइम ही एकवीस वर्षांची तरुणी पित्याची शुश्रूषा करतां करतां आजारी पडली. डॉ. जोसेफ ब्रॉयर तिचें बोलणें ऐकत बसत. कित्येक आठवडे तिला पाणी पिववेना. एका कुत्र्याला पेल्यांतून पाणी पितांना पाहून आलेली किळस आणि तेव्हां गिळलेला संताप तिनें बोलून दाखविला, आणि ती पाणी प्याली, असें ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या १८९५ च्या ग्रंथांत नमूद आहे. "बोलण्याचा उपचार" हें नांव तिनेंच दिलें. तथापि तेवढ्यानें ती पूर्ण बरी झाली नाहीं. १८८२ मध्यें तिला स्वित्झर्लंडमधील आरोग्यधामांत राहावें लागलें. पुढें १९०४ मध्यें तिनेंच जर्मनींत यहुदी स्त्रियांची संघटना उभारली. तात्पर्य, हा उपचार जादू नव्हे. त्याला वेळ लागतो.

आज या पद्धतीला अनेक शाखा फुटल्या आहेत. गोव्यांतील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यानें ग्रासलेल्या ४९५ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१७ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांतील समुपदेशक डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेलीं सामान्य माणसें होतीं. सहा ते आठ बैठकींत तीं रोग्याशीं विचार करीत : आनंद देणारें कोणतें काम सुटलें? तें थोडें थोडें पुन्हां कसें हातीं घ्यावें? तीन महिन्यांनीं शेंकडा ६४ जणांचें नैराश्य ओसरलें होतें. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ होतें.

हें काम घरच्यांनींच कां करूं नये? घरच्या माणसाला तोडगा सुचविण्याची घाई असते, आणि बोलणाऱ्याला त्याचें मन दुखविण्याची भीति. समुपदेशक त्रयस्थ असतो, गुप्तता पाळतो व बोलण्याला दिशा देतो. जरूर तेथें औषधही हवेंच. घरांत कोणाची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जगणें नकोसें झालें, तर तें हंसण्यावारी नेऊं नये. आधीं ऐकून घ्यावें, मग तज्ज्ञाकडे सोबत जावें. १४४१६ या सरकारी दूरध्वनि क्रमांकावरही २०२२ पासून विनामूल्य बोलतां येतें. ऐकणारा कान वेळेवर मिळणें, हीच पुष्कळदां बरें होण्याची पहिली पायरी असते.