शाळा आली, कारखाना आला, मग झेंडा का आला?

(उपकारस्तुतीच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या कार्याला वर्गणी देणारे पुष्कळजण मला विचारतात, "आम्ही आदिवासी मुलांच्या शिक्षणाला हातभार लावतो. मग शिकलेली मुले जमातीच्या पक्षांचे झेंडे का धरतात?" प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरासाठी झारखंडकडे पाहू या.

1845 मध्ये गॉसनर मिशनचे जर्मन मिशनरी रांचीला आले, शाळा निघाल्या. 1907 मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली, पुढे जमशेदपूर वसले. स्वातंत्र्यानंतर दामोदर खोऱ्यात धरणे बांधली गेली, रांचीजवळ हटियाला अवजड यंत्रांचा कारखाना आला. देशाला कोळसा, पोलाद, वीज मिळाली. मुंडा, उरांव, संथाळ, हो लोकांच्या जमिनी गेल्या आणि चांगल्या नोकऱ्या बहुधा बाहेरून आलेल्यांना मिळाल्या.

शाळेने अर्ज लिहायला शिकवले. गेलेल्या जमिनीने अर्जाचा विषय दिला. वेगवेगळ्या जमाती "आपण सारे आदिवासी" म्हणू लागल्या. 1938 मध्ये आदिवासी महासभा स्थापन झाली. मिशन शाळेत शिकलेले, 1928 च्या ऑलिंपिकमधील हॉकी कर्णधार जयपालसिंग मुंडा तिचे पुढारी झाले. त्यांची झारखंड पार्टी 1952 मध्ये बिहार विधानसभेत प्रमुख विरोधी पक्ष ठरली. 1963 मध्ये ती काँग्रेसमध्ये विलीन झाली, पण दुखणे राहिलेच. 1970 नंतर झारखंड मुक्ती मोर्चाने जमीन आणि सावकारीचे प्रश्न हाती घेतले. 15 नोव्हेंबर 2000 रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीदिनी, वेगळे राज्य झाले.

यात मंडळीसाठीही धडा आहे. मिशनचे शिक्षण ख्रिस्ती घरांत आधी पोहोचले, म्हणून आरंभीचे बरेच पुढारी तिथून आले. सरना धर्म पाळणारे भाऊबंद मागे राहिले आणि मनात दुरावा वाढला. राजकारणाने पुढे त्याचा उपयोगही करून घेतला. म्हणून वसतिगृहात जागा देताना गरज पाहावी, धर्म नव्हे.

आपल्या गडचिरोलीतही सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज निघत आहे. तिथल्या तरुणाने मत कोणाला द्यावे, हे आपण सांगू नये. परंतु ग्रामसभेपुढचा कागद त्याला वाचता यावा, एवढे आपले काम आहे. नाबोथाने वाडवडिलांचा द्राक्षमळा राजाला नाकारला, त्याला आपण बंडखोर म्हणत नाही. मग जमीन राखू पाहणाऱ्या आदिवासी मुलाला तरी का म्हणावे?

प्रभू आपले दान आणि आपली समज, दोन्ही वाढवो. आमेन.