काय सांधायचं, काय बदलायचं

आमच्या बचत गटाचा छोटा ट्रॅक्टर आम्ही बायाच चालवतो. त्याचं लोखंड टिकतं, पण प्लॅस्टिक उन्हानं ठिसूळ होऊन तडकतं. मग ते सांधायचं की नवं घ्यायचं?

फुटलेला भाग उलटा करून बघावा. आतून बहुधा पीपी, पीई किंवा एबीएस अशी इंग्रजी अक्षरं असतात. एबीएसला चिकटवणारा गोंद मिळतो. पीपी, पीईला साधा गोंद धरत नाही. तिथं दोन्ही कडांना भोकं पाडून, गोधडीला घालतो तसे तारेचे टाके घालायचे. त्याआधी तड्याच्या टोकाला 3 मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढं सरकत नाही. बॉनेट, मडगार्डला एवढं पुरतं.

डिझेलच्या टाकीला मात्र डाग देऊ नये. रिकामी दिसली तरी आत वाफ असते, ती पेट घेते. टाकी बदलावीच.

तसंच पीटीओच्या दांड्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण. दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. पदर अडकला तर सोडवायला वेळच मिळत नाही. हे आवरण तारेनं बांधून चालवू नये, तारेची टोकंच पदर ओढतात. नवं बसेपर्यंत दांडा जोडायचा नाही, असं आम्ही गटाच्या वहीत लिहिलंय. कामाचा दिवस बुडाला तर उद्या भरून काढता येतो.

आज इंजिन बंद करून, किल्ली काढून, तुमच्या दांड्यावरचं आवरण एकदा बघाच.